सहा आठवड्यांनी तो डोळा कोण बघतो?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी वाचकांच्या पत्रांत एका काकांनी लिहिलं होतं की मोठ्या दवाखान्यांत शिकाऊ डॉक्टर गरिबांच्या डोळ्यांवर हात साफ करून घेतात आणि मग शहरात जाऊन पैसेवाल्यांची ऑपरेशनं करतात. त्या पत्रावरून आमच्या घरात दोन दिवस वाद चालला, कारण मी चौतीस वर्षं ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून नोकरी केली (म्हणजे डॉक्टर नाही, लोक ज्याला 'चष्म्याचे डॉक्टर' म्हणतात तो मी) आणि माझी पोरगी सध्या एमएस ऑफ्थॅल्मॉलॉजीच्या, म्हणजे डोळ्यांचा सर्जन व्हायच्या कोर्सच्या, दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे काकांच्या भाषेत हात साफ करणाऱ्यांतलीच. तिला राग आला. मला मात्र काकांचं निम्मं पटलं, निम्मं नाही पटलं, आणि जे नाही पटलं ते तोंडी सांगता येईना म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं तर कापा पण पुण्याच्या अभ्यासाचा भाग कापू नका.

आधी एक गोष्ट मान्य करून टाकू. पहिलं ऑपरेशन कुणाच्या तरी डोळ्यावर होणारच. ज्या मोठ्या सर्जनकडं आपण नंबर लावून बसतो त्याचंही कधीतरी पहिलं झालं होतं, आणि ज्याच्या डोळ्यावर झालं तो माणूस बहुतेक बिल भरणारा नव्हता. काकांचं हे अगदी खरं. आणि उलट बाजूही खरी आहे, २०२३ मध्ये मुंबईत डोळ्यांच्या विभागातल्या निवासी, म्हणजे शिकाऊच, डॉक्टरांची मोठी तक्रार हीच होती की आम्हाला ऑपरेशन करायलाच देत नाहीत. तीन वर्षांत हात न चाललेला डॉक्टर डिग्री घेऊन तालुक्याला आला की त्याचं शिक्षण तिथं सुरू होतं, एकट्यानं, शेजारी सर नसताना. आमच्याकडं असे आले होते, चांगली पोरं होती, पण घाबरलेली. म्हणजे शिकू द्यायचं की नाही हा प्रश्नच नाहीये. त्या डोळ्याआधी काय काय झालं आणि त्या डोळ्यानंतर काय झालं, मला एवढंच विचारायचंय.

आधीचं सांगतो. दर दुसऱ्या शनिवारी पोरगी घरी येते आणि रविवारी सकाळी सहाला मी बाजारपेठेतल्या मटणवाल्या चाचांकडं डबा घेऊन उभा असतो. बोकडाची मुंडी भाजायला जायच्या आधी चाचा डोळे काढून ठेवतात, सुरुवातीला फुकट देत होते, आता दहा रुपयाला जोडी, कारण माझ्यामागं उभे राहणारे लोक विचारायला लागले की मास्तर हे खाता काय. बर्फ घालून डबा घरी आणायचा आणि फ्रिजमध्ये दह्याच्या शेजारी ठेवायचा. यावरून आमच्या सौ.नी पहिल्या वेळेला जो काही दंगा केला तो इथं लिहीत नाही. आता डब्यावर लाल मार्करनं 'उघडू नये' लिहिलेलं असतं आणि तो डबा आयुष्यात परत भाजीला वापरायचा नाही असं ठरलंय.

मग टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलला खड्डा करून त्यात डोळा टाचण्यांनी बसवायचा, मागच्या नसेतून सिरिंजनं थोडं सलाइन भरायचं म्हणजे डोळा टणक होतो, नाहीतर शिळ्या द्राक्षासारखा दबतो. आणि मग लूपचा (मोठं करून दाखवणारा) चष्मा लावून बाईसाहेब टनेल करत बसतात. काकांसाठी सांगतो टनेल म्हणजे काय. बिनटाक्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये, ज्याला एसआयसीएस म्हणतात, डोळ्याच्या पांढऱ्या भागात बुबुळापासून दीड-दोन मिलिमीटर मागं, साधारण सहा-साडेसहा मिलिमीटर रुंद चीर द्यायची आणि पांढऱ्या पडद्याच्या अर्ध्या जाडीतून एक खिसा करत करत पुढं बुबुळात जायचं. खिसा वर आला तर वरची पट्टी फाटते, त्याला बटनहोल म्हणतात. खोल गेला तर वेळेआधीच डोळ्यात घुसता. नीट झाला तर आतल्या दाबानं तो आपोआप मिटतो, टाका लागत नाही. अर्धी जाडी म्हणजे किती? अर्ध्या मिलिमीटरहून कमी. ब्लेडचं पातं पांढऱ्यातून जेमतेम दिसलं पाहिजे, फार स्पष्ट दिसलं तर तुम्ही वर आहात, दिसेनासं झालं तर खाली गेलात. हे पुस्तक वाचून येत नाही हो. पोरीनं पहिल्या दिवशी अकरा डोळे फाडले, बारावा जरा बरा झाला.

बोकडाचा डोळा माणसासारखा नसतो हेही खरं. त्याचं बुबुळ जाड, भिंग मऊ, आणि भिंगावरची पिशवी रबरासारखी ताणली जाते, त्यामुळं मोतीबिंदू बाहेर काढायला तिच्यात मुद्दाम गोल फाडतात तसं करायला गेलं की फाट पळून जाते. कडक मोतीबिंदू करण्यासाठी काही जण भिंगात फॉर्मॅलिन टोचतात, काही जण डोळा मायक्रोवेव्हमध्ये काही सेकंद फिरवतात. आमच्या घरी मायक्रोवेव्हचा विषय निघाला आणि तिथंच संपला. तर गोल फाडायची प्रॅक्टिस टोमॅटोच्या सालीवर. दोन आठवडे घरात साल नसलेल्या टोमॅटोचं सार चाललं होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कॉन्फरन्सच्या बॅनरवर सुश्रुताचं चित्र असतंच असतं, भाषणात पण 'आपल्याकडं अडीच हजार वर्षांपूर्वी' वगैरे. पण सुश्रुतानं योग्या म्हणून एक अख्खा अध्याय लिहून ठेवलाय, त्यात शिष्यानं आधी कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी कापून शिकावं आणि शीर उघडायची प्रॅक्टिस मेलेल्या जनावरांच्या शिरांवर नाहीतर कमळाच्या देठावर करावी असं आहे. बॅनरला पैसे आहेत, वेट लॅबला, म्हणजे जनावरांच्या डोळ्यांवर प्रॅक्टिस करायच्या खोलीला, नाहीत. बऱ्याच कॉलेजांत वेट लॅब म्हणजे इन्स्पेक्शनच्या दिवशी उघडणारी खोली.

बरं, प्रॅक्टिसनं फरक पडतो का? की हे सगळं मनाचं समाधान? तर यावर नीट अभ्यास झालेत. ब्रिटनमध्ये सिम्युलेटर म्हणजे कॉम्प्युटरवरचा खोटा डोळा, आमच्या भाषेत डोळ्याचा व्हिडिओ गेम, तो हळूहळू सगळ्या शिकाऊ डॉक्टरांना मिळायला लागला. २००९ ते २०१५ या काळातल्या ऑपरेशनांची नोंद काढून बघितली तेव्हा पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पोरांच्या हातून भिंगामागची पातळ पिशवी फाटायचं प्रमाण ४.२ टक्क्यांवरून २.६ टक्क्यांवर आलं होतं. आणि श्रीमंत देशाचं सोडा, केनिया, टांझानिया, युगांडा आणि झिम्बाब्वेमध्ये याच बिनटाक्याच्या ऑपरेशनसाठी शिकाऊ डॉक्टरांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एका गटाला आधी खोट्या डोळ्यांवर जोरदार ट्रेनिंग, दुसऱ्याला नेहमीसारखं. पुढच्या वर्षभरात ट्रेनिंगवाल्यांची पिशवी फाटली ७.८ टक्के डोळ्यांत, नेहमीच्या पद्धतीनं शिकलेल्यांची २६.६ टक्के डोळ्यांत. २०२१ मध्ये छापून आलंय. म्हणजे चारातला एक डोळा विरुद्ध तेरातला एक. काका, तुमचा राग कुठं वापरायचा असेल तर इथं वापरा.

पिशवी फाटली म्हणजे काय होतं तेही सांगतो. मागची जेली पुढं येते, भिंग बसवायला आधार राहत नाही, ऑपरेशन वीस मिनिटांचं दीड तासाचं होतं आणि पेशंट सगळं ऐकत असतो. हे लोकांना माहीत नसतं, डोळ्याला फक्त बाजूचं इंजेक्शन असतं, माणूस जागाच असतो. 'अगं हळू', 'थांब थांब', 'मला दे' हे सगळं त्या फडक्याखालच्या म्हातारीच्या कानात जातं.

शिकवायची एक पद्धत मला फार आवडली, पोरीच्या एका मॅडम तशी शिकवतात. उलट्या क्रमानं. पहिल्याच दिवशी ब्लेड देऊन टनेल कर असं नाही. पहिले काही पेशंट फक्त शेवटचं काम, आतलं औषध धुऊन काढायचं. ते जमलं की भिंग बसवायचं. मग त्याच्या आधीची पायरी, असं करत करत टनेल सगळ्यात शेवटी. म्हणजे पोरीच्या हातात जो डोळा येतो तो मॅडमनी तिथपर्यंत चांगला आणून ठेवलेला असतो आणि ती तो खराब करायची शक्यता कमी. आपल्या घरात पोळ्या अशाच शिकवतात की, आधी तव्यावर उलटायला देतात, मग लाटायला, कणीक भिजवायला शेवटी, कारण कणीक बिघडली की सगळंच बिघडलं. आणि प्रत्येक पायरीला मार्क द्यायचा एक छापील तक्ता मिळतो, आयसीओ-ऑस्कर म्हणतात त्याला, जगभर चालतो, त्यात नवशिका म्हणजे काय आणि जमलं म्हणजे काय ते पायरीपायरीला लिहिलेलं आहे. पाच मिनिटांचं काम आहे. पण ज्या कॉलेजात पोरगी आहे तिथं मॅडम सोडल्या तर तो कुणी भरत नाही, वर्षाच्या शेवटी लॉगबुकवर एका बैठकीत दोनशे सह्या होतात.

हे झालं आधीचं. यावर थोडीतरी चर्चा होते. माझं खरं दुखणं पुढचं आहे.

ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, पेशंटला बोटं दिसली, फोटो झाला, घरी गेला. निवासी डॉक्टरांच्या वहीत एक आकडा वाढला. खरी परीक्षा सहा आठवड्यांनी असते, कारण जखम तोपर्यंत बसते, थेंब संपतात, नंबर स्थिर होतो, तेव्हाच कळतं की डोळा कसा झाला. आणि सहा आठवड्यांनी तो पेशंट कॉलेजला जातच नाही. तो माझ्यासारख्याकडं येतो, तालुक्याच्या दवाखान्यात, नाहीतर बाजाराच्या दिवशी चष्म्याच्या दुकानात, नाहीतर कुठंच नाही. ज्यानं टनेल केलं त्याला तो डोळा परत कधीच दिसत नाही. मी नोकरीत असे किती डोळे तपासले असतील, एकाही निवासी डॉक्टरनं मला कधी फोन करून विचारलं नाही की माझ्या पेशंटला किती दिसतंय. मी पण कधी कळवलं नाही, ते पण खरं. कळवायचं कुणाला?

एक आजी आठवतात. ऑपरेशन 'सक्सेसफुल' कागदावर. मला म्हणाल्या, दिसतंय बाबा, पण तांदूळ निवडताना खडा कळत नाही, देवाचं पुस्तक वाचता येत नाही, हा डोळा फुकट केला. तक्त्यावर ६/६०, म्हणजे चांगल्या डोळ्याला साठ मीटरवरून दिसतं ते आजींना सहा मीटरवरून. बारीक छिद्राची चकती डोळ्यापुढं धरली, तर म्हातारी खडाखडा ६/१२ पर्यंत वाचत गेली! म्हणजे डोळा आतून उत्तम, फक्त नंबर. नव्वद अंशावर उणे अडीचचा सिलिंडर, म्हणजे तिरपेपणाचा नंबर. वरून केलेलं टनेल रुंद झालं असणार, बुबुळ एका बाजूनं चपटं झालं आणि आडवा-उभा नंबर आला. चष्मा दिला, ६/९. दुसऱ्या दिवशी सून सांगत आली की सासूबाई सकाळपासून डाळ घेऊन बसल्यात. पण ज्या पोरानं ते टनेल केलं तो त्यानंतर तसेच शंभर करून डॉक्टर झाला असेल आणि त्याला अजून वाटत असेल की आपलं टनेल झकास आहे. चूक झाली म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही, त्याला ती दाखवलीच नाही कुणी.

यातच संशोधन पण येतं. डोळ्यात भिंग बसवणारा पहिला माणूस हॅरॉल्ड रिडली, लंडन, १९४९. लढाईतल्या पायलटांच्या डोळ्यात विमानाच्या काचेचे, म्हणजे त्या प्लॅस्टिकचे तुकडे गेले तरी डोळा चिडत नाही हे त्यानं बघितलं होतं, त्यावरून भिंग केलं. हे सगळ्यांना माहीत असतं. कमी लोक सांगतात ते हे की त्याच्या पहिल्या पेशंटला नंतर नंबर आला उणे १८ च्या आसपास! कारण भिंगाचा आकार त्यानं माणसाच्या भिंगासारखा ठेवला आणि प्लॅस्टिक प्रकाश जास्त वाकवतं ते हिशोबात आलं नव्हतं. हे कळलं कसं? कुणीतरी समोर बसून नंबर काढला म्हणून. मग पुढच्या भिंगांचा आकार बदलला. म्हणजे बघा, जगातल्या पहिल्या भिंगाची चूकसुद्धा चष्म्याच्या डॉक्टरच्या कामातनंच सापडली (हे वाक्य मी पोरीला महिन्यातून एकदा ऐकवतो).

आणि लांब कशाला जायचं. मुंबईच्या डॉ. निखिल गोखल्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये बघितलं की हेच बिनटाक्याचं ऑपरेशन, चीर फक्त वेगळ्या जागी दिली तर काय होतं. वरून दिली तर सरासरी १.२८ चा सिलिंडर, कानाच्या बाजूनं दिली तर ०.३७, आणि मधे, तिरकी वर-बाहेर दिली तर फक्त ०.२०. नवीन मशीन नाही, नवीन औषध नाही, सर्जननं स्टूल थोडं सरकवून बसायचं! माझ्या त्या आजीचा खडा या सरकण्यात होता.

आता पुण्याचा अभ्यास. त्याच वर्षी, २००५ मध्येच, डॉ. परीक्षित गोगटे आणि त्यांच्या टीमनं छापला. प्रश्न असा होता की मशीनचं महागडं फेको ऑपरेशन चांगलं की आपलं हातानं केलेलं स्वस्तातलं एसआयसीएस. ४०० डोळे, कुणाला कुठलं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं, डॉक्टरच्या मर्जीनं नाही. सहा आठवड्यांनी बिनचष्म्याचं ६/१८ किंवा त्याहून चांगलं दिसणारे फेकोत ८१ टक्के, हातानं केलेल्यात ७१ टक्के. आणि योग्य चष्मा लावल्यावर? दोन्हीकडं ९८.४. अगदी दशांशापर्यंत सारखं. म्हणजे गरिबाचं ऑपरेशन दुय्यम नाही, फक्त त्याला शेवटी चष्मा मिळाला पाहिजे. पेपरवाले हे कधी छापत नाहीत, 'अत्याधुनिक लेझर' छापतात.

पण मला त्या अभ्यासातला सगळ्यात भारी आकडा वेगळाच वाटतो. ४०० पैकी ३७२ जण सहा आठवड्यांनी परत तपासले गेले. ३७२! आमच्याकडच्या शिबिरांत असं कधी झालं असेल तर मला दाखवा. आपलीच माणसं ही, तशीच म्हातारी, तशीच एसटीनं येणारी. म्हणजे लोक परत येत नाहीत हे आमचं कायमचं रडगाणं खोटं आहे, ज्याला खरंच बघायचं होतं त्यानं बघितलं.

याच्या शेजारी आता थिसिस ठेवा. एमएसला प्रत्येकाला थिसिस लागतो. चांगली कल्पना आहे, डॉक्टरला प्रश्न विचारायची आणि मोजायची सवय लागावी म्हणून. होतं काय, तर विषय सर देतात, मागच्या बॅचचाच थोडा फिरवून, नाव ठरलेलं, 'टर्शिअरी केअर सेंटरमधील अमुक-तमुकचा तुलनात्मक अभ्यास', साठ पेशंट, तीस-तीस. का साठ? मागच्यानं साठ घेतले होते. आणि मग सहा आठवड्यांचा रकाना रिकामा राहतो कारण पेशंट आलाच नाही. एका कॉलेजातली गोष्ट, पोरीच्या सीनिअरची, नाव-गाव सांगत नाही, जमा करायच्या आदल्या रात्री होस्टेलच्या मेसमध्ये बसून तो रकाना भरला गेला. ६/९, ६/६, ६/९, ६/१२, मधे एक ६/१८ खरं वाटायला. ते ऐकून मी रात्रभर तळमळलो, खोटं सांगत नाही. माझ्या रजिस्टरात तेच पेशंट खऱ्या आकड्यांनी बसले असतील, चाळीस किलोमीटरवर, फक्त विचारायला कुणी आलं नाही.

पोरगी म्हणते बाबा तुम्ही जुन्या जमान्याचे, सगळ्यांचा फॉलोअप शक्य नाही. बरोबर आहे तिचं काही अंशी. २०१३ मध्ये दहा देशांतल्या चाळीस हॉस्पिटलांचा एक मोठा अभ्यास आला, तिनंच दाखवला, त्यात असं निघालं की ऑपरेशननंतर पहिल्या काही दिवसांत, घरी सोडताना घेतलेली नजर वापरली तरी कुठलं हॉस्पिटल चांगलं आणि कुठलं कच्चं हे बऱ्यापैकी कळतं. म्हणजे कुणी परतच येत नाही ही सबब पण गेली, निदान तिसऱ्या दिवसाची नजर तरी ऑपरेशन करणाऱ्याच्या नावासमोर लिहा. पण आजीचा सिलिंडर तिसऱ्या दिवशी दिसत नाही, सुजेत लपलेला असतो. हॉस्पिटलची परीक्षा तिसऱ्या दिवशी होईल, पोरांचं शिक्षण सहाव्या आठवड्यातच होणार, असं माझं मत. तिला अजून पटलेलं नाही.

आणि हे सगळं बारीकसारीक कीस काढणं आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एकच आकडा. २०१५ ते २०१९ या काळात देशात अंधत्वाचा मोठा सर्व्हे झाला. पन्नाशीच्या वरच्या आंधळ्या लोकांत ६६.२ टक्के मोतीबिंदूचं ऑपरेशनच न झालेले. ठीक, ते माहीतच होतं. पण ७.२ टक्के लोक मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या गुंतागुंतीनं आंधळे. काचबिंदूनं जेवढे गेले त्यांच्यापेक्षा जास्त. आम्ही शिबिरांत गाड्या भरभरून माणसं पाठवली, टार्गेट पूर्ण झालं की कलेक्टरच्या हस्ते सर्टिफिकेट घेतलं, माझ्याकडं पण दोन आहेत भिंतीवर. टार्गेट ऑपरेशनांचं होतं. दिसण्याचं टार्गेट मला चौतीस वर्षांत कुणी दिलं नाही.

काय करता येईल ते मी फार मोठं काही सांगत नाही. पूर्वी मी पोस्टकार्ड टाकायचो, 'डोळा तपासायला या, येताना कागद आणा, चष्मा मिळेल', चष्मा लिहिलं की यायचे. आता पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे, पासष्टच्या पुढं अर्धं तिकीट, बायकांना तर कुठल्याही वयात अर्धं, म्हणजे प्रवासाची अडचण पूर्वीएवढी राहिली नाही. आशाताई गावात आहेतच, पेशंट आणायचे त्यांना पैसे मिळतात, परत आणायचे पण द्या. तालुक्याला नेत्रचिकित्सा अधिकारी बसलेला आहे, त्यानं सहाव्या आठवड्याची नजर आणि नंबर लिहून कार्डाचा फोटो त्या डॉक्टरला व्हॉट्सअ‍ॅप करायचा, पेशंटचं नाव झाकून, नुसता केस नंबर. त्याला शिक्षा करायला नाही, त्याला कळावं म्हणून. आता एमएसच्या पोरांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावेच लागतात, त्यातले काही मंगळवार त्यांना आमच्यासारख्यांच्या शेजारी बसवा आणि त्यांच्याच कॉलेजनं सहा आठवड्यांपूर्वी केलेले डोळे तपासू द्या. थिसिसचा विषय तिथंच मिळेल, मेसमध्ये बसायला नको.

आणि पेशंटला सांगा. काका, हे तुमचं शंभर टक्के बरोबर. शिकणारे डॉक्टर करणार आहेत, शेजारी मोठे डॉक्टर आहेत, एवढं सरळ सांगितलं तर आपली माणसं नाही म्हणत नाहीत. आणि म्हणाली तर तो त्यांचा डोळा आहे.

हे मी कुठल्या तोंडानं सांगतो ते पण लिहितो. रिटायर झाल्यावर दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, एका ट्रस्टच्या केंद्रात मी नंबर काढायला बसतो. दोन महिन्यांपूर्वी एक आजी आल्या, कागदावर पोरीच्या कॉलेजचं नाव, तारीख बघितली तर तिनं मला फोन करून सांगितलेली, बाबा आज पहिल्यांदा टनेलपासून शेवटपर्यंत एकटीनं केलं, मॅडम शेजारी होत्या पण हात लावला नाही. एकच केस होती त्या दिवशी तिची. बिनचष्म्याचं ६/१८. छिद्रातून ६/९. नव्वदवर उणे एक. रात्री फोन केला, म्हटलं टनेल किती झालं होतं? गप्प. मग म्हणाली, साडेसात असेल बाबा, मॅडम पण बोलल्या. किती आला? मी सांगितला. तिनं लिहून घेतला, मला पेनाचा आवाज आला.

आजींना चष्मा लिहून देताना त्या म्हणाल्या होत्या, पोरगी होती हो ऑपरेशनला, अगदी कोवळी, हात थरथरत होता तिचा, कपाळाला लागत होता मला. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना आधी. मी चष्म्याच्या कागदावर सही केली, पण ती पोरगी कुणाची ते सांगायचं धाडस मला झालं नाही. दुसरा डोळा दिवाळीनंतर करायचाय म्हणाल्या. कुठं ते ठरलेलं नाही अजून.

आपला,
एक निवृत्त नेत्रचिकित्सा अधिकारी, सातारा जिल्हा
(नाव छापू नये ही विनंती, पोरीची परीक्षा व्हायचीये.)